पहाटे पाचला, हिराजीच्या नावानं

फोन आला तेव्हा प्रिंटर चालू होता. कल्याणच्या आमच्या दुधाच्या गोदामात पहाटे पाचला तो आपोआप सुरू होतो, कुणाला हात लावावा लागत नाही. खालच्या मशीनच्या पडद्यावर एक ओळ उमटते, वरच्या मजल्यावरच्या मशीनमधला प्रोग्राम चालू होतो आणि टेम्पोवाल्यांची चलनं करकरत बाहेर पडायला लागतात... डोंबिवली पूर्व, डोंबिवली पश्चिम, ठाकुर्ली, शेवटी शीळफाट्याकडचा टेम्पो. त्या आवाजात मला पलीकडचं नीट ऐकू येईना. हिराजीदादाचा धाकटा भाऊ बोलत होता. "दादा गेला," एवढंच म्हणाला, आणि जरा थांबून, "येतोस ना?" मी येतो म्हटलं, फोन ठेवला आणि सवयीनं खुर्चीकडे वळलो, की सगळी चलनं निघेपर्यंत बसलं पाहिजे. मग ध्यानात आलं की बसायची गरज नाही. गेली दोन वर्षं नाही. ज्यानं ती गरज संपवली तो माणूस ठाण्यात चेंदणीच्या घरात ओटीवर निजवलेला असणार, आणि इथे मशीन त्याच्याच नावानं काम करत होतं. मी पायांत चपला घातल्या आणि तसाच निघालो. मागे प्रिंटर चालूच होता.

त्याच्याच नावानं म्हणजे अगदी खरोखर त्याच्या नावानं. ते नीट सांगायचं तर आधी आम्हा दोघांचं सांगावं लागेल.

मी परभणीकडचा. वडील गेले तेव्हा नववीत होतो, ती शाळा तिथेच राहिली. पुढे गावातल्या एकाच्या ओळखीनं कल्याणला आलो आणि या गोदामात दुधाचे क्रेट उचलायला लागलो. रात्रीत दूध येतं, पहाटे टेम्पो भरतात, उजाडायच्या आत पिशव्या दुकानांत गेल्या पाहिजेत, असा हा धंदा. राहायलाही गोदामाच्याच पोटमाळ्यावर. अक्षर बरं होतं म्हणून शेठनी मला चलनं लिहायला बसवलं, कुठल्या दुकानाला किती माल ते. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा, जो लिहितो तोच बटण दाबेल, असं म्हणून त्याच्यासमोरही मलाच बसवलं. मला त्या यंत्राची फार धास्ती होती. आपल्या हातून काही मोडलं तर जन्मभर फेडत बसावं लागेल असं वाटायचं. मी एका बोटानं, तेही हलकेच, झोपलेल्या मांजराला हात लावावा तसा बटणाला हात लावायचो.

ठाण्याच्या ज्या दुकानातून ते मशीन आलं त्या दुकानाचा माणूस म्हणून हिराजीदादा पहिल्यांदा आमच्याकडे आला. चेंदणीचा कोळी. रुंद खांदे, दाट मिशी, शर्टाच्या खिशात कायम एक स्क्रू-ड्रायव्हर. माझं ते एक बोट बघून म्हणाला, "दाब रं जोरात, ते काय चिंबोरी हाय चावायला?" मी कुठला ते विचारलं, आणि सांगितल्यावर तेच माझं नाव ठेवलं. तेव्हापासून मी परभणी. "काय परभणी, आज मशीन रडलं की तू?" असं विचारतच तो दारातून आत यायचा.

तो इंजिनिअर नव्हता, आणि तसं कधी भासवायचाही नाही. आधी टाइपरायटर दुरुस्त करायचा. घरची होडी होती, पण खाडीचं पाणी काळं पडत गेलं तसं जाळ्यात काही येईना. "मासं संपलं म्हनून बापानं टाइपरायटरकडं धाडला," तो सांगायचा, "टाइपरायटर संपलं तसा मी हिकडं आयलो. आता हे कवा संपतंय बघायचं." इंग्रजी पुस्तकातली वाक्यं तो बोट ठेवून वाचायचा, न कळलेल्या शब्दावर थांबून वर बघायचा, आणि मी जणू पदवीधर असल्यासारखा मला अर्थ विचारायचा. मला कुठून येणार? मग आम्ही दोघंही त्या शब्दाकडे बघत बसायचो. वरच्या मजल्यावर हिशेब बघणाऱ्या देशपांडेबाई डोंबिवलीहून यायच्या, त्यांना विचारायला जिने चढायचे. त्या चष्मा वर करून अर्थ सांगायच्या आणि म्हणायच्या, "हिराजी, शब्दाचा अर्थ मी सांगितला, वाक्याचा तुम्ही बघा."

एका रविवारी तो मला घरी घेऊन गेला. ठाण्यात खोपटला एसटीतून उतरलो आणि चालत चेंदणीला गेलो. घराच्या ओट्यावर त्याची म्हातारी आई सुकट निवडत बसली होती. तिनं मान वर करून मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "कोनाचा रं तू?"

 कल्याणला आल्यापासून मला लोकांनी पुष्कळ काही विचारलं होतं. कुठे राहतोस, रेशनकार्ड आहे का, ओळख द्यायला कोण आहे. पण कोणाचा तू, हे गावाच्या बाहेर कुणीच विचारलं नव्हतं. गावात विचारलं असतं तर वडिलांचं नाव सांगितलं असतं, आज्याचं सांगितलं असतं, आणि समोरच्यानं हां हां करत खाट पुढे केली असती. इथे वडिलांचं नाव सांगून काय उपयोग... मी नुसता उभा राहिलो. हिराजीदादा मागून चप्पल काढत होता. "माजाच हाय गो आये," तो म्हणाला. म्हातारीनं लगेच सुकटीचं सूप बाजूला सारलं आणि आत हाक दिली, की एक ताट जास्त वाढा. त्या दिवशी कोळंबीच्या कालवणात मला इतका ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ठसक्याचं म्हणून ते खपून गेलं.

आता त्या कामाचं सांगतो.

एकदा मला ताप भरला आणि पहाटे उठताच आलं नाही. चलनं निघाली नाहीत, टेम्पो उशिरा सुटले, उन्हाळ्याचे दिवस, दूध नासलं, दुकानदार शेठच्या अंगावर आले. प्रोग्राम चालू करणारा माझ्याशिवाय दुसरा कुणी नव्हता, कारण त्यात भाव दिसायचे आणि शेठना ते ड्रायव्हर-हमालांसमोर उघडे नको होते. शेठनी हिराजीदादाला बोलावून सांगितलं, हे मशीन आपोआप चालेल असं कर.  मी जिन्यात त्याला गाठून विचारलं, की मग माझं काय? तो हसायलाच लागला. म्हणाला, मशीन काय चलन फाडून ड्रायव्हरच्या हातात देणार हाय, की त्यांच्या शिव्या खाणार हाय?

मशीनमध्ये म्हणे एक पाठीमागचा नोकर असतो. पडद्यावर तो दिसत नाही. समोर कुणी बसलेलं असो नसो, तो जागा असतो, आणि सांगितलेल्या वेळी सांगितलेलं काम करतो. इंग्रजीत त्याला सर्व्हिस म्हणतात, हिराजीदादा त्याला 'पाठचा' म्हणायचा. काम अगदी साधं होतं. आमचा प्रोग्राम आणि सगळ्या ऑर्डरी वरच्या मजल्यावर देशपांडेबाईंच्या मशीनमध्ये. दोन मशीनं तारेनं जोडलेली. मी खाली बसून रोज काय करायचो, तर तारेतून वरच्या मशीनमधला तो प्रोग्राम चालू करायचो. तेच पाठच्यानं पहाटे पाचला करायचं. हिराजीदादानं ते अर्ध्या दिवसात बसवलं आणि चहा मागवला.

त्याच आठवड्यात गावच्या किराणा दुकानातून फोन आला. आईचं अंग एका बाजूनं गेलं होतं. घरात म्हातारी चुलती सोडून कुणी नाही. मी शेठकडे गेलो. शेठ वाईट माणूस नव्हेत, पण नासलेलं दूध त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं नव्हतं. म्हणाले, मशीन ज्या दिवशी स्वतः चालेल त्याच दिवशी जा, मी तुला एक तासही अडवणार नाही. मी म्हटलं, बरं. उद्या पहाटे चालेलच ना, असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मशीनसमोर हाताची घडी घालून उभा राहिलो. पाच वाजले. प्रिंटर हलला नाही. पडद्यावर लिहून आलं की असा काही प्रोग्राम सापडत नाही. टेम्पोवाले बाहेर हॉर्न मारायला लागले तेव्हा मी खुर्चीत बसलो, बटण दाबलं, आणि तोच प्रोग्राम एका क्षणात सुरू झाला.

यानंतर रोज तेच चाललं. दिवसा हिराजीदादा यायचा, पाठच्याला दर थोड्या वेळानं उठायला लावायचा, आणि पाठचा दर वेळी रिकाम्या हातानं परत यायचा. आम्ही बटण दाबलं की चालतं, त्यानं दाबलं की नाही. आधी कळलं, की वरच्या मशीनच्या लांबलचक पत्त्याऐवजी जे एक अक्षर आम्ही ठेवलं होतं ती खूण खुर्चीत बसणाऱ्या माणसापुरती असते, पाठच्याला ती दिसतच नाही. मग दादानं त्याला वरच्या मशीनचा पूर्ण पत्ता दिला. पडद्यावरचा निरोप बदलला. आधी सापडत नाही म्हणायचा, आता परवानगी नाही म्हणू लागला. दादानं माझ्या पाठीत थाप मारली, "चूक बदलली परभणी! म्हंजे दारापर्यंत पोचला." मी त्या दिवशी जाऊन एसटीची वेळ विचारून आलो. पण दारापर्यंतच पोचला होता... पुढे सरकेना.

मग दादानं तो प्रोग्राम आणि ऑर्डरी उचलून खालच्याच मशीनमध्ये आणून ठेवल्या. आता कुणाच्या दारात जायलाच नको. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला प्रिंटर सुरू झाला आणि मी पोटमाळ्यावर जाऊन पिशवी भरायला घेतली. तोवर खाली आरडाओरडा. देशपांडेबाईंनी आदल्या संध्याकाळी फोनवर घेतलेल्या ऑर्डरी वर होत्या, खाली आणलेल्या होत्या त्याच्या आधीच्या. लग्नघरचं दूध बंद दुकानाला निघालं होतं. सगळे टेम्पो परत उतरवून भरले.  मी पिशवी उलटी करून कपडे परत दोरीवर टाकले.

शेवटी एका दुपारी दादानं वरच्या मशीनवर अशी खूण केली की सगळ्यांना आत यायला परवानगी. इंग्रजीत तसंच लिहिलेलं होतं, सगळे. बाईंकडून अर्थ विचारूनच घेतला होता. आम्ही खाली येऊन बसलो. पाठचा उठला, वर गेला, आणि परत आला. परवानगी नाही.

"दादा," मी म्हटलं, "सगळ्यांना म्हटल्यावर पण याला नाही?"

त्यानं पडद्यावरचा निरोप बोट ठेवून पुन्हा वाचला. "हा सगळ्यांतला पन नाय रं," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका उतरलेला मी कधी ऐकला नव्हता.

मी बाहेर जाऊन रिकाम्या क्रेटवर बसलो. मला त्या न दिसणाऱ्या नोकराचा राग यायला पाहिजे होता. त्याच्यामुळे मी अडकलो होतो, त्याच्यामुळे माझी आई तिकडे एका कुशीवर पडून होती. पण राग आला नाही. त्याचं सगळं मला ओळखीचं वाटत होतं. रोज वेळेवर उठतो, सांगितलेल्या दारात जातो, आणि तिथे त्याच्याकडे दाखवायला काही नसतं... किराणा दुकानातून पुन्हा फोन आला तो त्याच संध्याकाळी. आई खात नाही, तोंडात घातलेलं तसंच राहतं, असं चुलतीनं सांगायला लावलं होतं.

हिराजीदादा काम आवरून निघण्याच्या बेतात होता. मी अजून फोनजवळच उभा होतो. त्यानं खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. "निघ," तो म्हणाला. "पाठच्याला जमंना, तर मी बसतो. मी काय दुसरं करनार हाय पाटेचं? आमी खाडीवरची मान्सं, पाटेचं उठूनच जन्माला आयलेलो." शेठना तोच सांगून आला. चेंदणीहून स्कूटरवर, शीळफाट्यावरून, अंधारात, रोज पाचच्या आत कल्याणला, आणि दहाला परत ठाण्याच्या दुकानात. मी नको म्हणायला पाहिजे होतं. मला नको म्हणता आलं नाही.

आई माझी वाट बघत होती असं म्हणायची पद्धत आहे, पण तसं मला म्हणता येत नाही. ती कशाची वाट बघत होती ते कळण्यापलीकडे गेली होती. पण मी चमच्यानं पेज घातली की गिळायची, ते चुलतीकडून होत नव्हतं. रोज पहाटे मला आपोआप जाग यायची. तिच्या उशाशी बसलो की वाटायचं, आत्ता तो शीळफाट्यावरून वळला असेल, आत्ता शटर वर केलं असेल, आत्ता खुर्चीत बसून बटण दाबलं असेल. बाहेर गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या आणि मला करकर प्रिंटर ऐकू यायचा. आई गेली तेव्हा तिचे पाय माझ्या मांडीवर होते. एवढं मला मिळालं. ते मला कुणी मिळवून दिलं हे मी गावात कुणाला समजावून सांगू शकलो नाही. ठाण्याचा एक कोळी माझ्या जागी बसलाय म्हणून मी इथे आहे, हे सांगून कुणाला काय कळणार?

दिवस आटोपून, डोकं भादरलेला असा मी परत आलो. हिराजीदादानं माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि लगेच तोंड दुसरीकडे केलं. मग म्हणाला, "चालतंय." मी विचारलं, काय? "पाठचा. चालतंय त्याचं."

मी नसताना रोज पहाटे एकट्यानं बसून त्याचं डोकं फिरलं होतं. टाइपरायटरच्या दिवसांतला एक ओळखीचा मुंबईत मोठ्या कचेरीत मशीनं सांभाळायचा, त्याला फोन लावला. त्यानं एका वाक्यात सांगितलं. पाठच्याला स्वतःचं नाव नसतं. आपल्या घरात तो मालक असतो, पण तारेतून दुसऱ्याच्या दारात गेला की निनावी. त्याला कुणाचं तरी नाव आणि पासवर्ड द्या, आणि तेच नाव वरच्या मशीनलाही माहीत असू द्या. बस. "समजला काय?" दादा मला सांगत होता. "वरचं मशीन इचारतं, कोनाचा रं तू? आनि हा गप. मग कोन घेईल घरात?" त्यानं दोन्ही मशीनांत आपलंच नाव घातलं होतं आणि पाठच्याला ते देऊन टाकलं होतं. मुंबईवाल्यानं बजावलं होतं, माणसाचं नाव देऊ नकोस, कामापुरतं वेगळं नाव बनव. पण पहाटेची वेळ होती, टेम्पो उभे होते, त्या क्षणी सुचलं ते टाकलं, आणि प्रिंटर सुरू झाल्यावर त्याला हात लावायची छाती झाली नाही. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "नंतर बदलू." मी विचारलं, हे आधी कळलं असतं तर तुला इतके दिवस यावं लागलं नसतं, नाही का? त्यावर म्हणाला, "आधी कळलं असतं तर तू मना कधी दादा म्हनला असतास काय? साहेब साहेब करत बसला असतास."

ते नंतर कधी आलं नाही. रोज पहाटे पाचला खालच्या मशीनच्या पडद्यावर वेळ उमटायची, आणि पुढे, कोणाच्या नावानं काम सुरू झालं तिथे, इंग्रजी अक्षरांत, हिराजी. मी खुर्चीतून सुटलो. माझी नोकरीही गेली नाही. चलनं फाडायला, ड्रायव्हरच्या शिव्या खायला मी होतोच. पुढे कुणाचं लग्न, कुणाचं बारसं असलं की शेठ स्वतःच म्हणायचे, जा रे, मशीन बघतंय.

यंदा उन्हाळ्यात दादाचे डोळे पिवळे दिसले. मी म्हटलं तर म्हणाला, "सोन्याचा भाव वाढलाय, म्हनून." पुढे शर्ट अंगावर लोंबायला लागला, मिशी मोठी आणि चेहरा लहान दिसायला लागला. कावीळ म्हणून पानाची औषधं झाली, पथ्य झालं, मग इस्पितळ. डॉक्टर काय ते त्याच्या भावाला बाजूला घेऊन सांगायचे, आणि भाऊ मला सांगताना भिंतीकडे बघायचा. मी कल्याणहून जायचो, शहाळं न्यायचो. दुसरं काय नेणार? दोन घोट घ्यायचा आणि मला बरं वाटावं म्हणून तिसरा घ्यायचा. त्याला निवट्यांचं कालवण खावंसं वाटायचं, खाडीच्या चिखलातले ते मासे, आणि ते चालणार नव्हतं. चाललं असतं तरी खाडीत निवटे मिळायला पाहिजेत ना... माझ्या आईसाठी तो माझ्या जागी येऊन बसला होता. त्याच्यासाठी मी कुठल्या खुर्चीत बसणार होतो? त्याच्या खाटेशेजारी एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर बसायचो. बाकी काहीच करता येत नव्हतं. इतकं निरुपयोगी मी आयुष्यात कधी बसलो नाही.

शेवटच्या भेटीत तो बराचसा गुंगीत होता. मी निघायला उठलो तेव्हा डोळे उघडले. "कागद निघाला काय रं पाटेचा?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, निघाला दादा, तुझ्याच नावानं. तो म्हणाला, "बदल ते आता, माधव." इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा माझ्या नावानं हाक मारली. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो.

त्या पहाटे मी चेंदणीला पोचलो तेव्हा उजाडत होतं. ओट्यावर बायका बसल्या होत्या, मधोमध म्हातारी. तिला आता नीट दिसत नाही, आणि कोण गेलंय हेही तिला मधेच कळत होतं, मधेच नाही. मी वाकून पायांना हात लावला तसा तिनं माझं मनगट धरलं. "कोनाचा रं तू?" तिनं विचारलं.

या वेळी माझ्या ऐवजी उत्तर देणारं कुणी नव्हतं. तो तिथेच होता, चादरीखाली.

"हिराजीदादाचा," मी म्हटलं. तिनं मनगट सोडलं नाही, तसंच धरून मला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

आता दोन हजार साल येणार म्हणून शेठनी सगळी मशीनं तपासायला डोंबिवलीचा एक इंजिनिअर ठेवला आहे. तरुण आहे, शांत बोलतो, मला अहो-जाहो करतो. मागच्या आठवड्यात त्यानं मशीनवरची नावं तपासली. हे हिराजी कोण, असं विचारलं. मी सांगितलं, गेले.  तो म्हणाला, की या नावाचा पासवर्ड कधीच बदललेला नाही, आणि कधीच संपू नये अशी खूण करून ठेवलीय, हे बरोबर नाही, हे नाव काढावं लागेल. तो चुकीचं बोलत नव्हता. दादालाही ते माहीत होतं, त्यानंच मला बदलायला सांगितलं होतं, आणि मी मान डोलावूनही ते केलं नव्हतं. शेठ म्हणाले, मग याचं टाक ना, माधवचं. इंजिनिअरनं नकारार्थी मान हलवली. "माणसांची नावं द्यायची नसतात शेठ," तो म्हणाला, "माणसं जातात." त्यानं ते अगदी सहज म्हटलं.  मी एवढंच विचारलं, की या रविवारपर्यंत राहू देता का? तो माझ्याकडे बघून म्हणाला, राहू द्या.

तर आता पाचच्या आधी मला उठायची गरज नाही. गावाकडे आई नाही, चेंदणीला दादा नाही. मला अडवणारं काही उरलेलं नाही आणि ज्याच्यासाठी धावत सुटावं असंही कुणी नाही. या आठवड्यात मी रोज पाचच्या आधी खाली येतो आणि ज्या खुर्चीतून त्यानं मला सोडवलं तिच्यात बसतो. हाताची घडी घालून. बटणाला हात लावत नाही. बाहेर टेम्पो लागलेले असतात, ड्रायव्हर चहा पीत असतात. मग पाच वाजतात. पाठचा उठतो, तारेतून वर जातो. वरचं मशीन त्याला विचारतं, आणि तो नाव सांगतो. दार उघडतं. डोंबिवली पूर्व, डोंबिवली पश्चिम...